परका आखाडा : एका उन्हाळ्याचा हिशेब

मे महिन्यात आमच्या अंथुर्ण्यात दुपारी बारा ते चार माणूस रस्त्यावर दिसत नाही. नीरा डाव्या कालव्याला पाणी असेल तर पोरे त्यात डुंबतात, नसेल तर लिंबाखाली पत्ते चालतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी माझा भाचा लॅपटॉप घेऊन ओट्यावर येऊन बसला. तो संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, दोन महिन्यांची सुट्टी आहे. गावात कबड्डीच्या स्पर्धा आहेत, त्यात खेळायचंय. काहीतरी चांगलं शिकायचंय. आणि बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी जर्मनीला जायचं असेल तर आत्ताच सांग, म्हणजे रान काढायचं की नाही ते ठरवता येईल. नेमकं करू काय?"

रान काढायचे म्हणजे विकायचे. दाजींचे एकूण रान चार एकर, त्यातले दोन एकर काढायचा विचार होता. प्रश्न सुट्टीचा होता, पण त्याच्या पोटात दोन एकर ऊस उभा होता.

मी संगणकशास्त्राचा माणूस नाही. बारावीनंतर वालचंदनगरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलो. यंत्रांचा इतिहास वाचायची आवड तिथेच लागली. शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले त्याच्या वह्या भरत गेलो. त्यामुळे भाच्याला लगेच उत्तर देता आले नाही. चार दिवस वह्या चाळल्या, तेव्हा १९४८ सालच्या नोंदींशी थांबलो. संगणक, खेळ आणि परदेशी शिकणे या तिन्ही गोष्टी त्या एका उन्हाळ्यात, एकाच देशात घडलेल्या सापडल्या.

१९४८चा उन्हाळा

२१ जून १९४८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात एका यंत्राने आपल्याच स्मृतीत साठवलेला कार्यक्रम वाचून पूर्ण केला. असे जगात प्रथमच घडत होते. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बांधलेल्या या यंत्राला 'बेबी' म्हणत. त्याची स्मृती फक्त १,०२४ बिटांची होती. बिट म्हणजे शून्य किंवा एक, इतकी माहिती. आज खिशातल्या साध्या फोनमध्येही त्याच्या कोट्यवधी पट स्मृती असते.

बेबीला दिलेले गणित असे होते : २,६२,१४४ या संख्येला पूर्ण भाग जाणारी, तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? सम संख्येच्या बाबतीत ती तिची निम्मी असणार, हे सहावीचा मुलगाही सांगेल. उत्तर १,३१,०७२. पण बेबीला अशी युक्ती शिकवलेली नव्हती. २,६२,१४३ पासून सुरुवात करायची, भाग जातो का पाहायचे, नाही गेला तर एक कमी करून पुन्हा पाहायचे, असे तिने केले. भागाकारही तिला येत नव्हता, तो वारंवार वजाबाकी करून साधायचा. या कामाला ५२ मिनिटे लागली आणि सुमारे ३५ लाख क्रिया झाल्या. तपासायचे होते ते यंत्र, गणित नव्हे, म्हणून मुद्दाम लांबचा रस्ता निवडला होता.

कुस्तीच्या भाषेत सांगायचे तर बेबीकडे ताकद होती, डाव नव्हता. संगणकशास्त्र म्हणून जे शिकवले जाते, त्याचा मोठा भाग हा डाव शोधण्याचा आहे.

या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्या ॲलन ट्युरिंग यांचा खेळाशी आणि परदेशाशी जवळचा संबंध होता. गणन म्हणजे काय, याविषयीचा त्यांचा मूलभूत निबंध १९३६चा. त्याच वर्षी ते केंब्रिजहून अमेरिकेतील प्रिन्स्टनला गेले आणि अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली १९३८पर्यंत डॉक्टरेट पूर्ण केली. हेच ट्युरिंग लांब पल्ल्याचे धावपटू होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पूर्ण केली. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचा देल्फो काब्रेरा ज्या वेळेत सुवर्णपदक जिंकला, तिच्याहून ही वेळ अकरा-एक मिनिटांनीच जास्त होती. पायाच्या दुखापतीमुळे ऑलिंपिकचे त्यांचे स्वप्न राहिले. १९४८च्या उत्तरार्धात ते मँचेस्टरला रुजू झाले.

बेबी चालली त्यानंतर पाच आठवड्यांनी, २९ जुलैला, लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. भारतीय पथकात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेला एक बावीस वर्षांचा पैलवान होता. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव.

मातीतून गादीवर

खाशाबांची हकीकत आपल्याकडे १९५२पासून सांगतात. हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भाच्याच्या प्रश्नासाठी मला १९४८चे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते.

लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे पोचल्यावर खाशाबांसमोर वेगळीच कुस्ती होती. आपल्याकडे लाल माती, तिथे गादी. मातीत पाय रुततो आणि धरही मिळतो. गादीवर पाय वेगळा ठरतो आणि हालचाल जलद होते. आपल्याकडे पाठ लागली की निकाल. तिथे वेळेची मर्यादा, गुण आणि पंचांचा निर्णय. ज्या नियमांखाली लढायचे त्यांचा सरावच नव्हता. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाचे मार्गदर्शन त्यांना मिळाले, आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले.

सहावा क्रमांक म्हणजे पदक नाही. पण घरच्या आखाड्यात शंभर कुस्त्या मारून जे कळले नसते, ते त्या काही दिवसांत कळले. आपला वेग खरा आहे, पण नियम आपल्याला येत नाहीत, हे नेमके निदान झाले. पुढली चार वर्षे त्या निदानावर मेहनत झाली. १९५२ मध्ये ते वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले, आणि २३ जुलैला कांस्यपदक मिळवले. त्या गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले.

आता पैशाची बाजू. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते कर्ज फेडायला हातभार लावला. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. घर गहाण पडले ते १९४८ची परीक्षा झाल्यानंतर. हा मुलगा परक्या गादीवर किती टिकतो, हे कळल्यानंतर मोठी जोखीम घेतली गेली.

आज आमच्या भागात हा क्रम उलटा झाला आहे. आधी रान जाते, मग मुलगा विमानात बसतो, आणि परक्या गादीवर पाय ठरतो की नाही ते तिथे गेल्यावर कळते.

परक्याची पारख

घरच्या तालमीत वस्ताद ओळखीचा, जोडीदार ओळखीचे. कोण कुठला डाव टाकणार हे आधीच ठाऊक. कॉलेजचेही तसेच आहे. कोणता प्रश्न येणार, कोणत्या प्रात्यक्षिकाला किती गुण, याचा अंदाज दुसऱ्या सत्रापासून येतो. सुट्टीचा खरा उपयोग आहे तो इथे. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने आपले काम पाहावे, त्यातली चूक दाखवावी, आणि आपण ती दुरुस्त करून परत दाखवावी.

संगणकाच्या क्षेत्रात असा परका आखाडा घरबसल्या मिळतो, ही या विद्येची मोठी सोय आहे. ज्यांचा मूळ मजकूर कुणालाही वाचता, बदलता येतो अशा संगणकप्रणालींना मुक्तस्रोत म्हणतात. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्यातली परिचित नावे. त्यांवर जगभरचे लोक काम करतात. कुणी एखादी दुरुस्ती सुचवली, की प्रणालीची जबाबदारी सांभाळणारे लोक ती ओळीनओळ तपासतात. कारण पटले नाही तर परत पाठवतात. तपासणारा फिनलंडचा असेल नाहीतर ब्राझीलचा. तुमचे आडनाव, गाव, कॉलेज त्याला ठाऊक नसते आणि त्याला त्याची गरजही नसते.

याच पद्धतीवर गूगलने २००५ मध्ये 'समर ऑफ कोड' हा उपक्रम सुरू केला. मुक्तस्रोत संस्था कामे सुचवतात, उमेदवार ते काम कसे करणार याचा आराखडा लिहून देतात. निवड झाली तर संस्थेतला एक अनुभवी माणूस मार्गदर्शक मिळतो, आणि टप्पे पूर्ण झाले की विद्यावेतन मिळते. विद्यावेतनाची रक्कम उमेदवाराच्या देशानुसार ठरते. आधी हा उपक्रम विद्यार्थ्यांपुरता होता. २०२२पासून अठरा वर्षे पूर्ण केलेल्या, या कामात नव्या असलेल्या कुणालाही अर्ज करता येतो. सगळे काम घरून होते. अर्ज वसंतात भरायचे असतात, म्हणजे मे महिन्यात जागे होणाऱ्याला उशीर झालेला असतो. भाच्याला तो झालाच होता. पण दुरुस्ती पाठवायला उपक्रमाची गरज नसते, ते दार बारा महिने उघडे असते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी भाच्याने सुट्टीत 'इंटर्नशिप' केली होती. त्यासाठी त्यानेच साडेतीन हजार रुपये भरले होते. महिनाभर काही चित्रफिती पाहायला मिळाल्या, शेवटी सोनेरी कडेचे प्रमाणपत्र आले. त्याचे काम एकाही माणसाने उघडून पाहिले नव्हते. अशा जागा ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या कामात चूक काढायला तिथे कुणी बसलेले आहे का? नसेल तर तो आखाडा नव्हे, फोटो काढायचे दुकान आहे.

अठ्ठावीस सामन्यांचा डाव

भाच्याच्या सुट्टीचा दुसरा भाग कबड्डीचा. आठ संघ आले होते, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे असे ठरले. सामने किती? प्रत्येक संघाचे सात, म्हणजे आठ गुणिले सात छप्पन. पण प्रत्येक सामना दोनदा मोजला गेला, म्हणून अठ्ठावीस. वेळापत्रक लावायचे काम त्याच्याकडे आले.

याची जुनी, कागदावर करता येणारी रीत आहे. आठ संघांना क्रमांक द्यायचे. वरच्या ओळीत १, २, ३, ४ आणि त्यांच्या खाली ८, ७, ६, ५ लिहायचे. समोरासमोर आलेल्यांचे सामने : १-८, २-७, ३-६, ४-५. ही पहिली फेरी. आता १ जागेवरच ठेवायचा आणि बाकी सगळे घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. दुसरी फेरी होते १-७, ८-६, २-५, ३-४. असे सात वेळा केले की अठ्ठावीसही सामने येतात, कुणाची जोडी दोनदा लागत नाही आणि कुणी चुकत नाही. संघ विषम असतील तर एक रिकामी जागा संघ समजायची. तिच्यासमोर जो येईल त्याला त्या फेरीत विश्रांती.

इथवर गंमत होती. मग अडचणी सुरू झाल्या. एका संघाला रात्री नऊच्या आत निघायचे होते. दोन संघांना एकच प्रशिक्षक, त्यामुळे त्यांचे सामने एकाच वेळी नकोत. चाळीस मिनिटांचा खेळ आणि पाच मिनिटांची मध्यंतर झाल्यावर त्याच संघाला लगेच उतरवायचे नाही. अठ्ठावीस सामने एकामागून एक किती क्रमांनी लावता येतात, ती संख्या तीस अंकी आहे. बेबीसारखे एकेक तपासत बसलो तर आजच्या संगणकालाही ते पेलणार नाही. इथे डाव लागतो.

या डावांच्या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे. नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला. १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी, मग अमेरिकेत कॅलटेक आणि बर्कली. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय नियोजनाची नवी पद्धत मांडली. रेषीय नियोजन म्हणजे अनेक मर्यादा सांभाळून खर्च कमीत कमी किंवा फायदा जास्तीत जास्त कसा होईल ते काढण्याचे गणित. त्याआधी जॉर्ज डँटझिग यांची १९४७ची पद्धत प्रचलित होती. सगळ्या मर्यादांनी मिळून एक अनेक कोपऱ्यांचे कुंपण तयार होते असे समजा. डँटझिगची पद्धत कडेकडेने, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात उत्तर शोधते. करमरकरांची पद्धत आतून जाते. आमच्या भाषेत, एक बांधाबांधाने चालतो आणि दुसरा रानातून आडवा निघतो. रान फार मोठे आणि कोपरे असंख्य असतील तेव्हा आतल्या वाटेचा फायदा कळतो. क्रीडास्पर्धांची मोठी वेळापत्रके, विमानांच्या फेऱ्या, मालवाहतूक अशा कामांना याच शाखेतले गणित लागते.

भाच्याने गावच्या स्पर्धेसाठी एवढे मोठे हत्यार उपसले नाही. त्याने चाकाच्या रीतीने फेऱ्या लावल्या, मग अडणारे सामने आपापसांत बदलणारा छोटा कार्यक्रम लिहिला. पहिल्या रात्री वीज गेली आणि सगळे वेळापत्रक दीड तास पुढे गेले. जो संघ नऊला निघणार होता त्याच्या कर्णधाराने त्याला चांगलेच सुनावले. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात नवी सोय आली : उशीर झाला तर उरलेले सामने पुन्हा लावायचे. त्या रात्री ओट्यावर बसून तो म्हणाला, "मामा, कॉलेजच्या प्रोजेक्टला वीज कधी जातच नाही." कबड्डीचा कर्णधार त्याच्यासाठी परका परीक्षक ठरला होता.

शेतकरी कुठे हरवले?

तिसऱ्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट घडली. गावातल्या एका यादीत 'शेतकऱ्यांची' हा शब्द त्याने संगणकावर शोधला. डोळ्यांना दिसणाऱ्या नोंदींपैकी निम्म्याच सापडल्या. बाकीच्या पडद्यावर अगदी तशाच दिसत होत्या, तरी संगणकाला त्या सापडेनात.

कारण मराठीच्या एका खास अक्षरात आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक आहे. पहिला शब्द गुरूंविषयी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांविषयी. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा आडवा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावरचा आकार एकच, आतले आकडे वेगळे. शोध घेणारी प्रणाली आकडे पाहते, आकार पाहत नाही. त्यामुळे निम्मे शेतकरी यादीत असूनही नसल्यासारखे होतात.

भाच्याने एका मुक्तस्रोत शोधप्रणालीसाठी छोटी दुरुस्ती लिहिली. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकसारखी करून घ्यायची. ती पाठवली. चार दिवसांनी परत आली. तपासणाऱ्याने विचारले होते, याची चाचणी कुठे आहे? त्याने चाचणी जोडली. पुन्हा परत आली. ते न दिसणारे चिन्ह इतर भाषांत अर्थ बदलते, तू सरसकट काढून टाकतो आहेस, त्यांचे काय? हा प्रश्न योग्य होता. दोन दिवस तो हिरमुसला. मग बदल फक्त या एका जोडाक्षरापुरता मर्यादित केला. तिसऱ्या वेळी दुरुस्ती स्वीकारली गेली. वीसएक ओळींचे काम, पण ते अनोळखी माणसाने दोनदा पाडून मग उचलले होते.

तपासणाऱ्याला नियम येत होते, पण 'शेतकऱ्यांची' हा शब्द त्याला कधी लागलाच नव्हता. ती अडचण दिसायला अंथुर्ण्याचा माणूस लागला. खाशाबांचा वेगही मातीतच घडला होता, गादीने त्याला नियम शिकवले. परक्या आखाड्यात जाताना घरची माती झटकून जायचे नसते, हे मला त्या दिवशी नीट कळले.

जर्मनीचा हिशेब

आता दाजींच्या प्रश्नाकडे. परदेशी शिकण्याची मराठी परंपरा जुनी आहे. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्ये अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दाखल झाले, ते तिथले पहिले भारतीय विद्यार्थी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, काही मदत आणि कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. इतक्या बुद्धिमान माणसालाही पैशाने मध्येच थांबवले होते, हे आजच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

जर्मनीविषयी गावात ऐकू येते की तिथे शिक्षण फुकट आहे. हे अर्धे खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, सत्राचे थोडे शुल्क असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे आजच्या भावाने सुमारे बारा लाख रुपये. हे पैसे आपलेच राहतात, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. पण ते आधी उभे करावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांची एपीएस पडताळणीही करून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. तिथले उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर असते आणि तासिका जुलैपर्यंत चालतात. आपल्या मुलाला मे-जून ही सुट्टी वाटते, तेव्हा तिकडचा विद्यार्थी भर अभ्यासात असतो. हा फरक लक्षात न घेता अर्जांच्या तारखा चुकवणारे पुष्कळ असतात.

रान काढण्याआधी दोन दारे ठोठवावीत असे मी दाजींना सांगितले. पहिले, शासनाच्या शिष्यवृत्त्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि मराठा समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. जागा थोड्या आणि अटी कडक, पण अर्ज करायला रान लागत नाही. दुसरे, छोटी परीक्षा. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकसारख्या योजनांत भारतातील पदवीचे विद्यार्थी बारा आठवडे तिथल्या प्राध्यापकाकडे संशोधन करून परत येतात. तेही जमले नाही तर घरून मुक्तस्रोत काम. यातून निदान कळते की मुलाला तिथली गादी मानवते का.

आणि परका आखाडा दर वेळी दूरच असतो असेही नाही. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. उपग्रहाची चित्रे, मातीतले संवेदक आणि हवामान यांवरून पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याला मिळतो. म्हणजे जे रान विकून मुलगा जे शिकायला जाणार, ती विद्या त्याच रानाच्या बांधावर येऊन उभी आहे.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. ज्या घरात सुट्टी म्हणजे मजुरीचे दिवस, तिथल्या मुलाने दोन महिने बिनपैशाचे परके परीक्षक कुठून शोधायचे? तयार उत्तर माझ्याकडे नाही. खाशाबांनाही १९४८ची संधी कुणीतरी दिली होती. तसे देणारे हात गावात, कारखान्यांत, संस्थांत हवेत. एका मुलाच्या एका उन्हाळ्याचा खर्च हा दोन एकरांच्या मानाने फारच किरकोळ आहे.

जूनच्या अखेरीस पालखी आली. शेजारच्या बेलवाडीला गोल रिंगण झाले, आणि आमचे गाव माणसांनी भरून गेले. भाचा कॉलेजला निघाला तेव्हा त्याने दाजींना एवढेच सांगितले की यंदा रानाला हात लावू नका, पुढच्या वसंतात अर्ज वेळेवर करतो आणि काय होते ते पाहून ठरवू. दाजींनी त्याच आठवड्यात त्या दोन एकरांत खोडव्याला खत घातले.